‘हूडविंक’ला मराठीत काय म्हणाल?

शाईचा_डाग

मंडळी, मदत हवी आहे. एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करतेय. तीनशे पानं सरळ गेली आणि आता आठ शब्दांच्या एका वाक्यापाशी चार दिवस घोडं अडलंय.

प्रसंग असा. सत्तरीची एक बाई, एकटी राहणारी. तिचा भाचा रात्री कागद घेऊन सही मागायला येतो. वीज गेलेली असते. आत्याबाई स्वतः हातात दिवा धरून त्याच्या खांद्याशी उभ्या राहतात आणि तो मोठ्याने कागद वाचून दाखवतो. वाचताना मधलं एक कलम गाळतो. एक शब्दही खोटा वाचत नाही, फक्त तेवढ्या ओळींवर त्याचा अंगठा असतो. बाई सही करतात. पुढे कितीतरी पानांनी सगळं उघडकीला येतं, तेव्हा त्या आरडाओरडा करत नाहीत. एवढंच म्हणतात: ‘यू हूडविंक्ड मी, अँड आय हेल्ड द लॅम्प.’

माझे आतापर्यंतचे प्रयत्न सांगते. ‘तू मला फसवलंस’ बरोबर आहे, पण पाणचट. ‘गंडवलंस’ म्हटलं की बाई एकदम नाक्यावर उभी असल्यासारखी वाटते. ‘टोपी घातलीस’ला वाचक हसेल, आणि इथे हसू यायला नको. ‘डोळ्यांत धूळ फेकलीस’ त्यातल्या त्यात जवळ जातं, पण काहीतरी खटकतंय आणि काय खटकतंय ते सांगता येत नाहीये.

शिवाय एक बाळबोध शंका. विंक म्हणजे डोळा मारणे ना? मग हूडवाला कोणीतरी आपल्या साथीदाराला डोळा मारतोय, असं काही चित्र यामागे आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिमटा

प्रकाश आत्याबाईंनी टाकला होताच की. काय उपयोग झाला? (पळतो. दिवे घ्या.)

रात्रपाळी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलेल्या माणसाचा सल्ला: ‘फसवलंस’ लिहा आणि पुढच्या पानावर जा. वाचक गोष्टीसाठी थांबलेला असतो, क्रियापदासाठी नाही. आमच्याकडे बातमीत ‘हुडविंक द पब्लिक’ आलं की डोळे मिटून ‘धूळफेक’ करतो. आकडेवारीची धूळफेक, आश्वासनांची धूळफेक. कोणाचीही तक्रार आलेली नाही.

आणि ‘हुड’ ऱ्हस्व हवा. गुड, वुड, स्टुड यांच्यासारखा. शीर्षकात दीर्घ पडलाय, डोळ्यांत खुपतोय.

शाईचा_डाग

@रात्रपाळी, ऱ्हस्वाबद्दल आभार, दुरुस्त करते. पण ‘फसवलंस’ लिहून पुढे जाता आलं असतं तर हा धागा काढलाच नसता हो.

आजोबा_ऑनलाइन

तुमच्या बाळबोध शंकेपासूनच सुरुवात करू, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

विंक म्हणजे डोळा मारणे हा अर्थ नंतरचा. जुन्या इंग्रजीत विंक म्हणजे डोळे मिटणे. दोन्ही डोळे. शेक्सपिअरच्या काळीही तो अर्थ जिवंत होता. आज तो शब्दात उरला नसला तरी वाक्प्रचारांत टिकून आहे. दुपारच्या डुलकीला ते ‘फॉर्टी विंक्स’ म्हणतात. चाळीस वेळा डोळा मारणे असा अर्थ लावून बघा, म्हणजे गंमत कळेल. रात्रभर झोप आली नाही तर ‘डिड नॉट स्लीप अ विंक’. आपण म्हणतो ‘डोळ्याला डोळा लागला नाही’. आणि ‘विंक अ‍ॅट’ म्हणजे दिसत असून न दिसल्यासारखं करणे. त्याला आपल्याकडे ‘कानाडोळा’ तयार आहे, ‘डोळेझाक’ आहे.

हुड म्हणजे डोक्यावरून ओढायची टोपडीसारखी टोपी, अंगरख्याला जोडलेली. ती चेहऱ्यावर खाली ओढली की डोळे झाकले जातात. हुड अधिक विंक: टोपी ओढून डोळे मिटायला लावणे. शब्द सोळाव्या शतकातला, आणि सुरुवातीला त्यात कपट-बिपट काही नव्हतं. पट्टी बांधणे, एवढाच धसमुसळा अर्थ. फसवणुकीचा अर्थ पुढे, साधारण सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून, रुळत गेला.

तेव्हा लक्षात घ्या, यातला डोळा ठगाचा नाही, ठकलेल्याचा आहे. ठग कोणाला डोळा मारत नाही. तो दुसऱ्याचे डोळे मिटवतो.

वाकडीओळ

आजोबा, _/\_. ‘यातला डोळा ठकलेल्याचा आहे’ हे वाचून इतकी वर्षं मनात असलेलं चित्र उलटं झालं.

पण मग ‘टोपी घालणे’ तर शब्दशः हेच झालं की! त्यांनी हुड ओढली, आपण टोपी घातली. दोन भाषांना एकच युक्ती सुचली.

आजोबा_ऑनलाइन

मोह होतो खरा, पण जरा थांबा. आपली टोपी डोळ्यांवर येत नाही, ती डोक्यावरच राहते. टोपी घातलेल्या माणसाला सगळं दिसतं, फक्त आपल्या डोक्यावर काय आहे ते दिसत नाही. ते बाकीच्यांना दिसतं. म्हणून टोपी घालण्यात, शेंडी लावण्यात, मामा बनवण्यात चारचौघांत झालेल्या हशाचा अंश आहे. हुडविंकमध्ये हशा नाही. शाईताईंना ‘वाचक हसेल’ असं वाटलं ते याच कारणाने असावं.

रात्रपाळी

मान्य. पण एक विचारतो. आजचा इंग्रज हुडविंक म्हणताना डोक्यावरची टोपी डोळ्यांसमोर आणतो का? ‘गोंधळ’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर संबळ वाजतं का? व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मेलेलं रूपक उकरून त्याचा सांगाडा अनुवादात उभा केलात तर मूळ वाक्यापेक्षा अनुवादच जड होईल. हा रोग आपल्या अनुवादकांना फार आहे (कोणाला लागलं तर लागो).

शाईचा_डाग

लागलं. :)

पण दिव्याचं काय करू? लेखिकेने नुसतं ‘यू हुडविंक्ड मी’ लिहिलं असतं तर तुमचं ऐकलं असतं. ‘आणि दिवा मी धरला होता’ म्हटल्याबरोबर ते मेलेलं रूपक उठून बसतं ना? एका बाजूला झाकलेले डोळे, दुसऱ्या बाजूला दिवा. ‘तू मला फसवलंस आणि दिवा मी धरला होता’ लिहून बघितलं. दुसरा अर्धा भाग लोंबकळतो. दिवा कशासाठी आला तेच कळत नाही.

रात्रपाळी

हम्म. दिव्यापुढे माझी हार. पुढे बोला.

बहिरीससाणा

या शब्दाशी माझं जुनं नातं आहे, नावावरून कळलंच असेल. शिकारी पक्षी पाळण्याच्या विद्येत पक्ष्याच्या डोक्यावर चामड्याची इवलीशी टोपी चढवतात. तिला पुढे चोचीसाठी जागा असते आणि मागे चामड्याच्या बारीक वाद्या. पाळणाऱ्याच्या एका मुठीवर पक्षी बसलेला असतो, म्हणजे मोकळा हात एकच. मग एक वादी त्या हाताने धरायची, दुसरी दातांत, आणि दोन्हीकडून ओढायची की टोपी आवळली जाते. एकदा दिसेनासं झालं की पंख फडफडवणारा पक्षी दगडासारखा गप्प. त्याला कोणी मारलेलं नसतं, दामटलेलं नसतं. फक्त बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हुडविंक हा शब्द इथूनच आला असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात.

आजोबा_ऑनलाइन

वर्णन सुरेख! पण उगम तिथे नेऊ नये असं मला वाटतं. कोशकार साधी फोड देतात, हुड आणि विंक, आणि ती माणसाच्या टोपीलाही तितकीच लागू पडते. जुन्या वापरात डोळे माणसांचेच बांधलेले दिसतात. ससाण्याचं चित्र मनात बसतं, म्हणून ते उगम म्हणून खपतं. शब्दांच्या बाबतीत अशी देखणी गोष्ट भेटली की मी खिसा चाचपतो.

चिमटा

म्हणजे उगमाच्या नावाखाली आपल्यालाच हुडविंक करतात म्हणा की.

बहिरीससाणा

@आजोबा, मान्य, उगमाचा हट्ट सोडतो. पण मासा सोडणार नाही.

सनफिश नावाचे अवाढव्य, चपटे मासे असतात. बघताना वाटतं मागचा अर्धा भाग कोणीतरी कापून नेलाय. त्यांची एक जात शास्त्रज्ञांच्या नजरेतून वर्षानुवर्षं निसटत राहिली. किनाऱ्यावर वाहून यायची, लोक बघायचे, पण नात्यातल्या दुसऱ्या जातींसारखीच दिसते म्हणून त्यांच्यातच मोजली जायची. 2017 मध्ये मारियान नायगार्ड आणि सहकाऱ्यांनी ती वेगळी म्हणून नोंदवली. शास्त्रीय नाव मोला टेक्टा. लॅटिनमध्ये टेक्टा म्हणजे झाकलेली, दडलेली. इंग्रजीत नाव ठेवलं ‘हुडविंकर सनफिश’.

आता गंमत बघा. माशाने काहीच केलेलं नाही. तो खोटं बोलला नाही, रंग बदलला नाही, पळालाही नाही. सगळ्यांच्या नजरेसमोर होता. तरी हुडविंकर तो!

वाकडीओळ

हे फार रोचक आहे. भाच्यानेही खोटं वाचलं नव्हतं, नाही का? फक्त अंगठा ठेवला होता.

कोडगा

इतका वेळ वाचनमात्र होतो. माशावरून राहवलं नाही, कारण हा उद्योग मी पगार घेऊन केलेला आहे.

पूर्वी एका कंपनीत संकेतस्थळाची पानं बनवायचो. नाव विचारू नका. पैसे भरण्याच्या पानावर एक बारीक चौकोन होता, ‘दरमहा सदस्यत्व सुरू ठेवा’. त्यात खूण आधीच केलेली. पहिल्या आठवड्यात तो चौकोन काळ्या अक्षरांत, बटणाच्या वर होता. लोक खूण काढून टाकायचे. वरून निरोप आला, जरा खाली घ्या. बटणाच्या खाली घेतला. मग निरोप आला, अक्षरं जरा सौम्य करा. काळ्याची राखाडी केली. मग फिकट राखाडी. शेवटी पांढऱ्यावर इतकी फिकट राखाडी झाली की माझ्याच मोबाइलवर उन्हात मला ती दिसेना. बैठकीत मी म्हटलं, हे वाचता येत नाही. उत्तर आलं, ‘पण आहे ना पानावर?’

आहे ना पानावर. एकही शब्द खोटा नव्हता. कायद्याच्या माणसाने तपासलेला होता. या प्रकारांना हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरने 2010 मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’ असं नाव दिलं. मी तेव्हा ते वाचलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा आमचं पान ओळखीचं वाटलं.

तर माझं मत असं: फसवायला खोटं बोलावं लागतं, हुडविंक करायला लागेलच असं नाही. झाकलं की पुरतं.

शाईचा_डाग

@कोडगा, हेच! ‘डोळ्यांत धूळ फेकणे’मध्ये काय खटकत होतं ते आत्ता कळलं. धूळ फेकली की डोळा चुरचुरतो, आपल्याला काहीतरी केलंय हे लगेच कळतं. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून कैदी पळतो आणि पहारेकरी डोळे चोळत राहतो. हुडविंक झालेल्याला त्या क्षणी काहीच टोचत नाही. आत्याबाई सही करून भाच्याला जेवून जा म्हणतात हो!

रात्रपाळी

तरी जनतेच्या बाबतीत धूळफेकच ठेवणार. समूहाला ती चालते. एकट्या माणसाला, तेही घरच्या माणसाने केलेली, नाही चालत, हे पटलं.

मुक्कामपोस्ट

उशिरा आलो. इंग्रजी शिकवतो, म्हणून वापराचं बघू. अर्थापेक्षा पोरं तिथेच मार खातात.

हुडविंकचं कर्म नेहमी माणूस असतो, किंवा माणसांचा गट. परीक्षेत हुडविंक करता येत नाही, तिथे चीट. पैसे हुडविंक होत नाहीत. रचना बहुधा ‘हुडविंक समवन इन्टू डूइंग समथिंग’ अशी: डोळे झाकून कशात तरी ढकलणे. सही करण्यात, विश्वास ठेवण्यात, वर्गणी भरण्यात. उलट काहीतरी काढून घ्यायचं असेल तेव्हा ‘आउट ऑफ’ लागतं आणि तिथे चीट, कॉन, स्विंडल जास्त शोभतात. कर्मणी प्रयोग फार: ‘आय वॉज हुडविंक्ड’. असं म्हणणारा माणूस स्वतःला थोडा सोडवूनही घेतो बरं का. मी मूर्ख नव्हतो, माझे डोळे झाकले होते, असा सूर असतो त्यात. ‘आय वॉज फूल्ड’मध्ये मूर्खपणाची थोडी कबुली आहे, इथे नाही.

आणि स्वतःला? ‘डिसीव्ह वनसेल्फ’ सर्रास चालतं. स्वतःला हुडविंक करणं मात्र क्वचितच ऐकाल. आपलीच टोपी आपल्याच डोळ्यांवर कोण ओढणार?

वाकडीओळ

गांधारी!

मुक्कामपोस्ट

हो की. :)

वाकडीओळ

विनोद म्हणून लिहिलं, पण शाईताईंच्या अडचणीचं मूळ तिथेच असेल. आपल्याकडे ‘डोळ्यांवर पट्टी’ म्हटली की पहिली गांधारी आठवते आणि तिने ती स्वतः बांधली. त्यामुळे मराठीत पट्टी बांधणारा सहसा स्वतःच गुन्हेगार असतो: ‘प्रशासनाने डोळ्यांवर पट्टी बांधली आहे’. दुसरी पट्टी न्यायदेवतेची, ती निःपक्षपणाची. आत्याबाईंच्या तोंडी ‘तू माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस’ घातलं तर वाचकाला अर्थ कळेल, पण पट्टीबरोबर या दोघी आत येऊन बसतील.

झापड म्हणावी तर ती घोड्याची, आणि ‘झापडबंद’ म्हटलं की विचारसरणी आठवते.

बहिरीससाणा

आणि पडदा? ‘डोळ्यांवर पडदा टाकलास’?

शाईचा_डाग

पडदा आपल्याकडे प्रकरणावर पडतो, डोळ्यांवर नाही. किंवा नाटक संपल्यावर. नको.

आजोबा_ऑनलाइन

शाईताई, तुमच्या प्रसंगाशी जुळणारा एक जुना दाखला आठवला. लांबेल, पण सांगतो.

शेक्सपिअरच्या ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’मध्ये पॅरोलिस नावाचा एक बढाईखोर शिपाई आहे. पलटणीचा नगारा शत्रूच्या हाती पडतो. हा गडी तो एकट्याने परत आणण्याची प्रतिज्ञा करतो आणि नंतर रात्री बाहेर पडून वेळ कसा काढावा याचा विचार करत बसतो. त्याचेच साथीदार ठरवतात, याला उघडा पाडू. ते शत्रूचे सैनिक असल्याचं सोंग घेतात, त्याच्यावर झडप घालतात आणि त्याचे डोळे बांधतात. हा बेत ठरवताना त्यांच्या तोंडी जे क्रियापद आहे ते हेच: हुडविंक. अगदी शब्दशः, डोळे बांधण्याच्या अर्थाने.

आता पुढची मजा. त्याला परकी फौज वाटावी म्हणून ते आपापसांत काहीतरी अगडबंब भाषा बोलतात, जी कोणालाच येत नाही, बोलणाऱ्यांनाही. एक जण दुभाष्या बनतो. आणि डोळे बांधलेला पॅरोलिस जीव वाचवण्यासाठी घडाघडा बोलायला लागतो: आपलं सैन्य किती, कोण कप्तान कसा, कोणाची काय लफडी. ज्यांच्याबद्दल बोलतोय ते समोरच उभे असतात. त्याचा मालकही ऐकत असतो. मग पट्टी काढतात.

तिथे शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या डोक्यावर येऊन बसलेत. डोळे खरोखर बांधलेत आणि फसवणूकही चालू आहे. शब्द एका अर्थाकडून दुसऱ्याकडे कसा सरकला असेल ते त्या प्रवेशात समोर उभं राहतं.

चिमटा

त्या अगडबंब भाषेतले आमचे दरमहाचे ‘नियम व अटी’ येतात. @कोडगा, कृपया दुभाष्या व्हा.

वाकडीओळ

डोळे बांधायचा त्यांचा तो खेळही असणार ना? आपली आंधळी कोशिंबीर?

आजोबा_ऑनलाइन

होता ना, ‘हुडमन ब्लाइंड’. ज्याच्यावर राज्य त्याची हुड उलटी फिरवायची, म्हणजे मागचा भाग तोंडावर. ‘हॅम्लेट’मध्ये याचा उल्लेख आहे. हॅम्लेट आईला विचारतो, कोणत्या सैतानाने तुला आंधळ्या कोशिंबिरीत असं ठकवलं? तिथे ‘ठकवणे’साठी कझन हे क्रियापद आहे, हेही आता अडगळीत गेलं.

मुक्कामपोस्ट

अवांतर, पण आंधळ्या कोशिंबिरीत एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मान जरा वर केली की खाली जमिनीची एक पट्टी दिसते, त्यात लोकांचे पाय. मी लहानपणी त्या पायांवरून माणसं ओळखायचो आणि मुद्दाम दोन-तीनदा चुकीच्या दिशेने हात फिरवायचो, संशय येऊ नये म्हणून. म्हणजे हुडविंक झालेला मी आणि हुडविंक करणाराही मीच.

रात्रपाळी

गेली वीस मिनिटं पान लावायचं सोडून हे वाचतोय. बाकीच्या भावंडांचंही सांगा आता. कॉन, ड्यूप, बॅम्बूझल वगैरे. एवीतेवी उशीर झालाच आहे.

मुक्कामपोस्ट

सगळी नाही, आवडतात तेवढी.

कॉन हे कॉन्फिडन्सचं लघुरूप. 1849 मध्ये न्यूयॉर्कात विल्यम थॉम्पसन नावाचा एक इसम पकडला गेला. त्याची पद्धत अशी: नीटनेटका पोशाख, रस्त्यात कोणाशी तरी जुन्या ओळखीसारखं बोलणं काढायचं, आणि मग विचारायचं, तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? लोक घड्याळ काढून देत! वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. तेव्हा कॉनमध्ये विश्वास हवाच, आधी तो कमवायचा आणि मग लुटायचा. आपला ‘विश्वासघात’ याच घरातला, पण तो फार गंभीर चेहऱ्याचा.

ड्यूप फ्रेंचमधून आला. बहुधा हुदहुद पक्ष्याच्या फ्रेंच नावावरून, कारण तो पक्षी बावळट समजला जाई. चीट आला ‘एस्चीट’वरून: बेवारस जमीन सरकारजमा करण्याची रीत. ती वसूल करणारे अधिकारी इतके लबाड ठरले की त्यांच्या कामाचं नावच लबाडीला पडलं.

बॅम्बूझलबद्दल एवढंच सांगतो की 1710 मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’ या नियतकालिकात भाषा बिघडवणाऱ्या नव्या शब्दांवर तोंडसुख घेतलं होतं, त्यात हा होता. सोबत ‘मॉब’ आणि ‘बॅन्टर’ही होते. ते दोघे पुढे इतके सभ्य झाले की त्यांना कोणी हटकत नाही. बॅम्बूझल मात्र अजून विदूषकच आहे, त्यात कोणी मरत नाही.

कोडगा

आणि गॅसलाइट? हल्ली भांडणात सगळे तेच फेकतात.

मुक्कामपोस्ट

ते नाटकातून आलं, पॅट्रिक हॅमिल्टनचं, 1938 चं. नंतर सिनेमे निघाले. नवरा बायकोला पटवत राहतो की तुला जे दिसतंय ते खरं नाही, तुझंच डोकं फिरलंय. घरातले गॅसचे दिवे मंद होतात ते तिला दिसत असतं आणि तो म्हणतो, तुला भास होतोय. 2022 मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘गॅसलाइटिंग’ला वर्षाचा शब्द ठरवलं, तेव्हापासून साधी थाप मारली तरी लोक गॅसलाइट म्हणायला लागलेत. ते चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

फरक नीट बघा. हुडविंकमध्ये तुमचे डोळे झाकले जातात. गॅसलाइटमध्ये डोळे उघडे ठेवून त्यांच्यावरचा तुमचा विश्वासच काढून घेतला जातो. पहिल्यातून पट्टी निघाली की माणूस सुटतो, तुमच्या आत्याबाईंसारखा. दुसऱ्यातून तसा पटकन सुटत नाही.

वाकडीओळ

म्हणजे दिवा दोन्हीकडे आहेच. :)

शाईचा_डाग

आज सकाळपासून हा धागा तीनदा वाचला. तुम्हा सगळ्यांचं थोडं थोडं चोरून पुढचं केलं.

आजोबांनी सांगितलं, डोळा तिचा आहे. कोडगा म्हणाले, खोटं न बोलता. वाकडीओळने पट्टी काढून घेतली. रात्रपाळींनी जड करू नका म्हटलं. तेव्हा टोपी, पट्टी, पडदा, धूळ सगळं फेकून दिलं. झाकायला काही वस्तूच नको. मराठीत ‘डोळ्यांदेखत’ हा शब्द आहे, तो या बाईचा वाटला. असं करतेय:

‘माझ्या डोळ्यांदेखत मला आंधळं केलंस. आणि दिवा मीच धरला होता.’

बहिरीससाणा

वा!

आजोबा_ऑनलाइन

‘मीच’मधला च मुळात नाही. पण राहू द्या. बाईंनी तो म्हटलाच असता.

मुक्कामपोस्ट

‘आंधळं केलंस’ एकटं असतं तर जरा कठोर वाटलं असतं, ‘डोळ्यांदेखत’मुळे तोलून जातं. एकच शंका: ‘आणि’च्या आधी पूर्णविराम की स्वल्पविराम? मूळात स्वल्पविराम आहे.

शाईचा_डाग

पूर्णविराम. मराठीत ती तिथे श्वास घेते. इंग्रजीत घेत नाही.

कोडगा

आवडलं. आमच्या त्या बैठकीत हे वाक्य म्हणायला हवं होतं. मी तेव्हा रंगाचा क्रमांक विचारला होता.

रात्रपाळी

छान जमलंय. मी हरलो हे लेखी देतो. पण चार दिवस झाले, शीर्षकात हू अजून दीर्घच आहे.

शाईचा_डाग

दुरुस्त करायला गेले तर संपादनाची मुदत संपली म्हणतंय.

चिमटा

असू दे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आहे.